हौशीरामच्या तीन डिस्का

आळेफाट्याला सुदर्शनशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दिशा चार वर्षं कामाला होती. काउंटर तीच बघायची आणि मागच्या टेबलावरचं रिपेअरिंगही तीच करायची. आणे गावाच्या पठारावर मेंढरं राखणाऱ्या जानकूची ती मुलगी. त्या वस्तीतून डिप्लोमा केलेली ती पहिलीच. नवं गिऱ्हाईक आलं की शेठ "ही आमची इंजिनिअर" म्हणून ओळख करून द्यायचा आणि गिऱ्हाईक गेलं की तिलाच चहा सांगायला पाठवायचा. तिला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. पगार वेळेवर व्हायचा आणि हाताला काम होतं.

मार्चच्या शेवटी एका दुपारी डिंगोऱ्याचा हौशीराम दुकानात आला. युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेलं कॅबिनेट त्याने दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवलं. गोणी काढल्यावर जळकट वास आला.

"आमच्या आळीत खांबावरची न्यूट्रलची तार तुटली अन् घराघरात लाइटीचा दाब वाढला," तो म्हणाला. "कुणाचा फ्रीज गेला, कुणाचा टीव्ही. माझा ह्यो गेला."

हौशीराम साठीच्या आसपासचा, डिंगोऱ्यात कांदा-टोमॅटो करणारा शेतकरी. पण जुन्नर-आंबेगावात त्याला शेतकरी म्हणून कुणी ओळखत नसे. तो शूटिंगवाला हौशीराम. गावोगावच्या यात्रांमधल्या बैलगाडा शर्यतींचं शूटिंग तो वीस वर्षं करत होता. मध्ये शर्यतींवर बंदी होती तेवढी वर्षं कॅमेरा कपाटात राहिला, बंदी उठल्यावर पुन्हा बाहेर आला. शर्यतीच्या कुठल्या घाटात, म्हणजे चढणीच्या धावपट्टीवर, कुठल्या साली, कुणाची बैलं किती सेकंदांत वर गेली, यावरून पैज लागली की लोक निकालाला त्याच्या घरी जात.

दिशाने स्क्रू काढून झाकण उघडलं. मदरबोर्डचा एक कोपरा काळा पडला होता.

"बोर्ड गेलाय, काका. नवा टाकावा लागेल."

"टाका की. पण आतलं शूटिंग? तीन डिस्का हायेत त्यात."

तेवढ्यात सुदर्शनशेठ आतून आला. त्याने वाकून पाहिलं आणि नेहमीचं वाक्य बोलला. "नव्या बोर्डावर जुन्या डिस्का चालत नाहीत, भाऊ. सगळी टेक्नॉलॉजी बदलली. नव्या डिस्कसकट सेट घेऊन जा. हा डबा इथंच राहू द्या, भंगारात लावतो."

"वीस वर्साचं हाय वो त्याच्यात."

"आता त्याला काय करणार?"

हौशीरामचा हात कॅबिनेटवर होता. तो "बरं" म्हणाला आणि हात काढून घेतला.

डिस्का चालत नाहीत, हे वाक्य दिशाने शेठच्या तोंडून चार वर्षं ऐकलं होतं, आणि दर वेळी ती खाली मान घालून स्क्रू गोळा करायची. त्या दिवशी तिला तो "बरं" ऐकवला नाही. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. मेंढरं बसवायला रान मागायला गेल्यावर "औंदा नको" असं ऐकून तिचा बाप मागे फिरायचा, तेव्हा तो असंच म्हणायचा.

"चालतात, काका," ती म्हणाली.

शेठने तिच्याकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर चालू व्हायला एक छोटी नवी डिस्क लागेल, तेवढं शेठचं बरोबर आहे. जुन्या डिस्कवरची विंडोज नव्या बोर्डावर चालणार नाही. पण आतलं शूटिंग दिसायला काही अडचण नाही. यातल्या दोन तर सरळ नव्या बोर्डालाच लागतील. ही तिसरी पट्टीच्या केबलची आहे, लई जुनी. तिला वेगळा अडॅप्टर लागेल. विजेच्या झटक्यातून तिन्ही वाचल्या असतील का, ते मात्र लावून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

हौशीरामने एकदा शेठकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गोणी उचलली, कॅबिनेट पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाला, "मंग मी इचार करून येतो."

तो गेल्यावर शेठ ओरडला नाही. त्याने स्टूल ओढून घेतलं आणि शांतपणे बोलायला लागला. "मी खोटं कशापायी बोलतो, तुला म्हाईत हाय? जुनी डिस्क जोडून दिली आणि दोन महिन्यांनी बसली, तर तो माणूस कुणाच्या नावानं शिमगा करणार? माझ्या. माझ्याच काउंटरवर येऊन. तू तवा मागच्या टेबलावर असशील."

"मग तसं सांगा ना शेठ. जुनी आहे, भरवसा नाही म्हणा. चालतच नाही, असं कशाला म्हणायचं?"

"दुकान माझं हाय."

"दुकान तुमचं आहे. डिस्क त्यांची आहे."

शेठ उठला. "उद्यापासनं येऊ नको," म्हणाला, आणि फोन कानाला लावून आत गेला. दिशाने ड्रॉवरमधून स्वतःचा स्क्रूड्रायव्हरचा संच आणि जेवणाचा डबा घेतला. पट्टीच्या केबलच्या डिस्का जोडायचा अडॅप्टर तिचाच होता, डिप्लोमाच्या वेळी घेतलेला. तोही पिशवीत टाकला आणि ती आण्याच्या जीपमध्ये जाऊन बसली.

घरी जानकू ऐकून घेत बसला. शेवटी म्हणाला, "दोन शबूद खाली घेतलं तर काय बिघडतंय? उद्या जाऊन माफी माग."

"कशाची मागू, दादा? काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. पण माफी चुकल्यावरच मागत्यात असं थोडंच हाय?"

आई तुकाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. रोजच्यापेक्षा जोरात थापत होती.

तीन दिवसांनी हौशीरामचा फोन आला. दुकानात पुन्हा गेल्यावर त्याने तिची नोकरी गेल्याचं ऐकलं होतं. त्याने आधी त्याबद्दल अवघडून दोन वाक्यं बोलून घेतली. मग म्हणाला की बोर्ड आणि बाकीचं सामान नारायणगावहून आणलंय, तर ती घरी येऊन जोडून देईल का. दिशा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आळेफाट्याला उतरली आणि तिथून ओतूरमार्गे डिंगोऱ्याला गेली.

हौशीरामच्या पडवीत टेबल मांडून ठेवलं होतं. त्याची बायको प्रयागबाई पोहे देऊन गेली. दिशाने बोर्ड बसवला, छोट्या नव्या डिस्कवर विंडोज टाकली, मग कॉम्प्युटर बंद करून पहिली जुनी डिस्क जोडली. ती लगेच दिसली. दुसरी जोडली, ती दिसेना. दिशाने डिस्कांची यादी उघडली. तिथे ती होती, पण तिच्यासमोर एक इंग्रजी शब्द आला होता.

"काय म्हणतोय?" हौशीरामने विचारलं.

"फॉरेन म्हणतोय. परदेशी."

"ती? ती आळेफाट्याच्या पल्याड गेली न्हाई कधी."

दिशा हसली. "ही डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर तयार झालीय, एवढंच त्याला कळतं. आपण तिला आत घ्यायला सांगू." तिने दोन ठिकाणी क्लिक केलं आणि डिस्क आत आली. फोल्डरांची नावं एकाखाली एक उभी राहिली, साल आणि गाव, साल आणि गाव. हौशीराम खुर्ची ओढून पुढे सरकला आणि एका फोल्डरवर त्याने स्वतः क्लिक केलं. पडद्यावर एक चौकट आली.

"आता काय?"

"तुम्हाला या फोल्डरमध्ये जायची परवानगी नाही म्हणतोय."

हौशीराम मागे टेकला. तो खरंच दुखावला होता. "माझ्याच घरात मला बंदी? मी काढलंय ते. उन्हात उभं ऱ्हाऊन काढलंय. कुणाची परवानगी पायजे आता?"

"कुणाचीच नको. याचे मालक आपण आहोत, हे त्याला एकदा ठणकावून सांगायचं."

तिने सुरक्षेच्या खिडकीत जाऊन मालकाचं नाव बदललं आणि तिथे हौशीरामचं नाव टाकलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत राहिली. फाइली हजारोंनी होत्या. ती पूर्ण भरल्यावर दिशाने माउस त्याच्या हातात दिला. "आता जा."

पडद्यावर घाट उघडला. दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती, मध्ये लाल मातीची चढण, आणि धुरळ्यातून चार बैल सुटलेले. हौशीराम पडद्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून म्हणाला, "रामदासची बारी." आणि खरंच ती धाव रामदासच्याच बैलांची निघाली. प्रयागबाई पिठाचे हात पदराला पुसत दारात आली आणि डोळे बारीक करून बघायला लागली. "त्या रामदासला बघा," ती म्हणाली, "तवा केस व्हते डोक्यावर." मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तिने आणखी तीन बाऱ्या बघितल्या.

तिसरी डिस्क दिशाने दुपारी घेतली. ती सगळ्यात जुनी. दोन हजार पाच ते आठ सालापर्यंतचं शूटिंग तिच्यावर होतं. पट्टीची केबल नव्या बोर्डाला लागतच नाही, म्हणून तिने अडॅप्टर काढला. अडॅप्टरवर हिरवा दिवा लागला. डिस्क जोडली आणि दिवा विझला. काढली, पुन्हा लागला. जोडली, विझला. डिस्कमधून काहीच आवाज नव्हता. तिने कान लावून पाहिलं, हात लावून पाहिलं. आत काही फिरत नव्हतं.

चारदा खात्री करून घेतल्यावर ती म्हणाली, "काका, ही चालत नाही. झटका हिलाही बसलाय. पुढं काय करता येईल, ते आत्ता मला सांगता येत नाही."

यावर बोलला तो स्वराज, हौशीरामचा मुलगा. चाकणला कंपनीत होता, सुट्टीला घरी आला होता आणि बराच वेळ दारात उभा राहून बघत होता. बैलगाड्याचा नाद त्याला बापापेक्षा जास्त.

"शेठ म्हणत व्हता तेच झालं," तो म्हणाला. "चारदा लावली अन् काढली. त्यातच गेली ती."

"माझ्याने गेलेली नाही. पहिल्यांदा लावली तेव्हाच दिवा विझला, तुम्ही बघत होता."

"मला काय कळतंय दिव्यातलं. आण्णा, मेंढरामागची पोरगी आणली तुमी, अन् तिच्या हातात वीस वर्सं दिली."

"स्वराज," प्रयागबाई म्हणाली.

दिशाने अडॅप्टर पिशवीत ठेवला आणि सावकाश उभी राहिली. "मेंढरामागचीच आहे मी. शंभर मेंढरांत आजारी कोणतं, हे लांबून ओळखायला मला माझ्या बापाने शिकवलं. ही डिस्क माझ्या हातात आली तेव्हाच आजारी होती. तुम्हाला पटत नसेल तर तिघांना दाखवा. पण दाखवल्याशिवाय माझ्यावर घालू नका."

त्याने दाखवली नाही. संध्याकाळी जुन्नर-आंबेगावच्या गाडाशौकिनांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची पोस्ट पडली. आण्याच्या एका मुलीने हौशीरामअण्णांची जुनी डिस्क घालवली, पाच ते आठ सालच्या सगळ्या यात्रा गेल्या, लोकांनी सावध राहावं. नाव लिहिलं नव्हतं, पण आण्यातून कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या मुली किती असणार. खाली रडणाऱ्या तोंडांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. पहिला ओतूरकडच्या एका शेतकऱ्याचा, जानकूला. दर वर्षी रानं मोकळी झाली की जानकू त्याच्या वावरात पाच-सहा रात्री मेंढरं बसवायचा. खत त्याला, चारा मेंढरांना. औंदा येऊ नका, तो म्हणाला. कारण सांगितलं नाही. जानकू फोन ठेवून बराच वेळ कांबळ्याची दशी ओढत बसला.

"तुला सांगितलं व्हतं," तो शेवटी दिशाला म्हणाला. "शेतकऱ्याशी वाकडं घेतल्यावर आपल्याला जागा कोण देईल?"

आता तुकाबाई उठली. "जागा ते देत्यात, पण खत कोण देतं? धा वर्सं त्येच्या वावरात लेंड्या पडल्या, म्हणून त्येचा कांदा असा आला. त्यानं आपल्यावर उपकार केल्यागत बोलायचं अन् आपुन ऐकायचं? न्हाई बोलावलं तर न्हाई. बेल्ह्याकडं जाऊ. त्या वाटंनं माझा बाप जायचा." मग तिने दिशाकडे वळून विचारलं, "तू मोडलीस का ती डिस्क?"

"नाही."

"मंग घरात काय बसलीस?"

दुसरा फोन सुदर्शनशेठचा होता. आवाज गोड होता. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाला. त्या ग्रुपवर मीच लिहितो की मुलगी नवीन होती, चूक झाली, प्रकरण मिटेल. उद्यापासून ये. फक्त गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे राहू दे.

"मी नवीन नाही, शेठ. चार वर्षं झाली. आणि चूक झालेली नाही."

"तीनातली एक गेलीच ना? मी काय सांगत व्हतो?"

"तुम्ही तिन्ही चालणार नाहीत म्हणत होता. दोन चालतायत. तुमच्या दुकानात ठेवून गेले असते, तर त्या दोन्हीही भंगारात गेल्या असत्या."

शेठने फोन ठेवला. दिशा तो हिरवा दिवा पुन्हा आठवत बसली. डिस्क मेलेली असेल तर ती नुसती गप्प पडेल, ती अडॅप्टरचा दिवा का विझवेल? डिस्क वीज खेचून घेत होती. कुठेतरी सगळी वीज सरळ वाहून जात होती. इतकं तिला कळत होतं, पण डिस्कच्या पोटातल्या त्या छोट्या सर्किटवर कधी हात टाकायची वेळ आली नव्हती. घोडेगावला एसटी स्टँडच्या मागे चांगदेव मिस्त्री बसायचा. डिप्लोमाच्या सुट्टीत महिनाभर ती त्याच्याकडे शिकायला गेली होती. रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळं त्याने दुरुस्त केलं होतं आणि अजून करत होता.

तिने हौशीरामला फोन करून डिस्क मागितली. मागून स्वराजचा आवाज आला, डिस्क नजरेआड होणार नाही, मी बरोबर येणार. "या," दिशा म्हणाली. "मलाही तेच पाहिजे."

स्वराज मोटारसायकलवर आणि दिशा एसटीने, असे दोघं वेगवेगळे घोडेगावला पोचले. चांगदेवच्या दुकानात बसायला जागा करायला दोन टीव्हींची खोकी हलवावी लागली. मिस्त्रीला आता कमी ऐकू यायचं, पण दिशाने दिव्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने हात वर करून तिला मध्येच थांबवलं. "दिवा इझतो ना? मंग ती मेली न्हाई."

त्याने डिस्क पालथी केली, खालचं हिरवं सर्किट चष्म्याजवळ नेलं आणि मीटरची टोकं एका काळ्या दाण्यावर ठेवली. मीटर सलग वाजत राहिला. त्याने स्वराजला जवळ बोलावलं, कारण नाराज माणूस कोण, हे त्याला न सांगताच समजलं होतं.

"ह्यो डायोड. दारातला राखणदार. जास्त दाबाची वीज आली की स्वतः जळून वाट आडवतो, आतल्याला वाचवतो. तुमच्या घरी तार तुटली तवाच ह्यो गेला. आता तो मध्ये पडून ऱ्हायलाय म्हणून वीज आत जाईना."

"म्हंजी हिनं न्हाई..." स्वराज बोलता बोलता थांबला.

"हिनं काय? पोरीनं लावायच्या आदीच जळलाय तो. बघा, काळा पडलाय." मिस्त्रीने सोल्डरिंगचं टोक तापवलं. दाणा सुटून बाजूला पडला. "आता राखणदार न्हाई. पुन्हा झटका बसला तर आत सरळ जाईल. आजच काय काढायचं ते काढून घ्या, अन् माझ्या इन्व्हर्टरवर घ्या. बाहेरच्या लाइनीवर नको."

दिशाने अडॅप्टर जोडला. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. डिस्कमधून आधी बारीक आणि मग स्थिर घरघर यायला लागली. स्वराज खोक्यावरून उठून उभा राहिला.

तिने सोबत आणलेल्या लॅपटॉपला एक रिकामी नवी डिस्क लावली आणि उतरवून घ्यायला सुरुवात केली. पाच साल दीड तासात आलं. सहा सालही आलं. सात सालात मध्येच घरघर बदलली, पट्टी एका जागी अडकली. दिशाने काम थांबवलं.

"पुन्हा लावा की," स्वराज म्हणाला. "सात सालचं लई महत्त्वाचं हाय."

"नाही. इथं तिला वाचता येत नाहीये. अडकलेल्या जागेवर झगडत बसलो तर ती दमून बसेल आणि आठ सालही जाईल. आधी आठ साल घ्यायचं, मग सातकडे परत यायचं."

"सात साल पयलं घ्या. आमच्या घरचा बैल हाय त्यात."

"तुमच्या घरचा असला तरी आधी आठ," दिशा म्हणाली. "हे काम माझं आहे. तुम्हाला जमत नसेल तर डिस्क उचला आणि घेऊन जा."

चांगदेवला सगळं ऐकू आलं नसावं, पण त्याने मान डोलावली. स्वराज खाली बसला. आठ साल पूर्ण आलं. त्यानंतर दिशा सात सालाकडे वळली, एकेक फाइल वेगळी उचलत, जी अडकेल ती सोडत. ऊन स्टँडच्या पत्र्यावरून उतरलं तेव्हा सात सालातलं अर्धं हाताशी आलं होतं. त्यानंतर डिस्क टक टक करायला लागली आणि दिसेनाशी झाली. दिशाने आणखी दोनदा प्रयत्न केला आणि ती बंद केली.

घरचा बैल आलेल्या अर्ध्यात नव्हता. स्वराजने यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली.

दुकानाबाहेर तो मोटारसायकलला किक न मारता उभा राहिला. "ग्रुपवरची पोस्ट काढून टाकतो," तो म्हणाला.

"काढू नका."

"आँ?"

"काढली तर लोकांना वाटेल मिटवलं. ती राहू द्या, आणि खाली खरं काय झालं ते लिहा. डायोड तार तुटल्यावर जळला होता, हे लिहा. पाच, सहा आणि आठ साल आलं, हे लिहा. सात अर्धंच आलं, हेही लिहा. माझं नाव घालून लिहा. आधी नाव न घालता लिहिलं होतं."

त्याने तिथेच उभं राहून लिहिलं. माफीचा शब्द त्यात नव्हता, तोंडानेही तो काही बोलला नाही. पण दिशाने सांगितलेलं सगळं त्यात होतं, सात सालासकट.

हौशीरामला सात साल गेल्याचं लागलं. फोनवर तो म्हणाला, "तो बैल मला डोळ्यापुढं हाय. लोकांना दाखवाय आता न्हाई, एवढंच." आणि मग, "दिशाताई, आता हे सगळं आणखी एका जागी उतरवून ठेवायचं. मंगळवारी येशील का?" त्याने तिला ताई म्हटलं ते पहिल्यांदाच.

ओतूरकडच्या त्या शेतकऱ्याचा पुन्हा फोन आला नाही. मेंढरं बेल्ह्याकडे गेली. जानकू जाताना मागे वळून वळून ओतूरच्या दिशेने बघत होता आणि तुकाबाई पुढे चालत होती. आळेफाट्याच्या दुकानदारांत सुदर्शनशेठने निरोप फिरवला की हिला सुटं सामान कुणी देऊ नये. दिशाने पुण्याहून पार्सलने मागवायला सुरुवात केली. दोन दिवस उशिरा येई, पण येई.

जूनमध्ये तिने ओतूरला पिठाच्या गिरणीशेजारचं अर्धं शटर घेतलं. भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: जुन्या हार्ड डिस्क तपासून मिळतील. चालणारी चालते म्हणून सांगू, न चालणारी चालत नाही म्हणून सांगू. गिरणीच्या पिठाने ती अक्षरं आठवड्यात पांढरी होत. ती ओल्या फडक्याने पीठ पुसून काढी.

पहिल्या पंधरवड्यात शिनोलीच्या शाळेतून समृद्धी मॅडम आल्या. शाळेला कुणीतरी नवे बोर्ड दान दिले होते आणि डिस्का जुन्याच होत्या. पिशवीत सहा डिस्का होत्या. दिशाने एकेक लावून तपासली. दोन बाजूला ठेवल्या आणि चार पिशवीत परत टाकल्या.

"या दोन चांगल्या आहेत, मॅडम. अजून काही वर्षं चालतील. या चार फेकून द्या."

मॅडमचा चेहरा पडला. "चार? आम्हाला वाटलं, तुमच्याकडे जुनं सगळं चालतं. गाडाशौकिनांच्या ग्रुपवरची पोस्ट आमच्याकडे फिरत आली होती. दुसऱ्या एकांनी तर सहाही चालवून देतो म्हणून सांगितलंय."

"मग त्यांच्याकडे न्या."

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरायला लागलं.

"मुलं त्यावर वर्षभर लिहितील," दिशा आवाज चढवून म्हणाली, "आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं जाईल. मी हो म्हणणार नाही. तुम्ही रागावलात तरी नाही. बसा, या दोन डिस्कांवर बाकीचे चारही कॉम्प्युटर केबलने जोडून कसे चालतील ते दाखवते."

समृद्धी मॅडमनी पर्स मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसल्या.